जमिनीवरचं वळण

दिल्ली, ९ जानेवारी २०२५

ती. पद्माआत्या,

नमस्कार. फोनवर तुला माझं निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू स्वतःच्या मनाने भरून काढतेस, म्हणून पत्र लिहितो. तू इंदरगंजच्या वाचनालयात रोज पेपर वाचतेस. तिथे बातमी दिसण्याआधी माझ्याकडून कळलेली बरी. आधी हे, की मी धड आहे आणि माझ्या विमानातले एकशे बासष्ट प्रवासीही धड आहेत.

सोमवारी सकाळी आम्ही पूर्वेकडच्या एका विमानतळावर उतरलो. धुकं होतं, तरी उतरणं सुरेख झालं. घोळ झाला तो नंतर. लोकांना वाटतं, विमान जमिनीला टेकलं की वैमानिक सुटला. पण धावपट्टी सोडून प्रवासी उतरायच्या जागेपर्यंत विमान चाकांवर चालवत न्यायचं असतं, आणि तिथले रस्ते आपल्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या गल्ल्यांसारखेच, एक वळण चुकलं की भलतीकडे. कुठे वळायचं ते टॉवरवरून रेडिओवर सांगतात. नेमकं त्या वेळी मी दुसऱ्या रेडिओवर कंपनीच्या माणसांशी बोलत होतो. टॉवरचं बोलणं ऐकलं ते शेजारी बसलेल्या सहवैमानिकाने. तिने मला डावीकडे सांगितलं, मी डावीकडे वळवलं. वळायचं होतं उजवीकडे.

डावीकडचा रस्ता दुरुस्तीसाठी बंद होता. चार मजूर काँक्रीटच्या सांध्यांत डांबर भरत बसले होते. धुक्यातून ते दिसले तसा मी ब्रेक दाबला आणि विमान बाजूला घेतलं, त्यात एक चाक कडेवरून मातीत रुतलं. मजूर जीव घेऊन पळाले. नंतर खाली उतरून मी पावलं मोजली. आमचं इंजिन आणि त्यांची डांबराची कढई यांच्यात अठरा पावलं होती.

चौकशी बसली आहे आणि तोवर दोघांचंही उडणं बंद. सहवैमानिक नवी आहे, गरिमा नाव, अजून प्रोबेशनवर. योगायोग बघ, ती आपल्याच ग्वाल्हेरची, थाटीपुरातली. मला मार्चपासून इन्स्ट्रक्टर करणार होते, ते आता या निकालावर. चूक माझी नाही हे कागदावर येईलच. तू उगाच उपास धरू नकोस. स्मृतीचा नमस्कार.

तुझा,
अंबरीश


माधवगंज, ग्वाल्हेर, १६ जानेवारी

चि. अंबरीश,

आशीर्वाद तुला आहेतच, ते लिहिण्यात शाई घालवत नाही. पत्र तीनदा वाचलं. मग माझ्या खोलीच्या उंबऱ्यापासून अठरा पावलं चालून पाहिली, तर अंगणातल्या नळाशी जाऊन पोचले. एवढंसंच अंतर रे! तिथेच खाली बसले. शेजारच्या सोनलने पाणी आणून दिलं आणि विचारत बसली, “काकू, तबियत ठीक नाही का?”

आणि त्या पोरीला काय म्हणावं? शेजारी बसून एवढंही नीट सांगता येऊ नये? तुझं वीस वर्षांचं नाव तिने एका शब्दात मातीत घातलं. परवा आपल्या मंडळात संक्रांतीचा तिळगूळ होता. हल्ली लाडू नावाला आणि मुरैन्याची तिळाची गजकच जास्त असते, पण बायका जमतात. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. लपवायचं कशाला? शांताताई म्हणाल्या, “अगं, ती तर आमच्या समोरच्या क्वार्टरमधली. सिंचाई खात्यातल्या दौलतसिंहांची लडकी.” मी म्हटलं, “मग सांगा त्यांना, मुलीला आधी डावं-उजवं शिकवा आणि मग विमानात बसवा.” सगळ्या हसल्या.

तू नरम पडू नकोस. लहानपणापासून तुझा स्वभाव दुसऱ्याला सांभाळून घ्यायचा. या वेळी जे झालं ते ठणकावून सांग. तुझ्या पाठीशी मी आहे, पूर्वीही होते.

तुझी,
पद्माआत्या


दिल्ली, २४ जानेवारी

ती. आत्या,

मंडळात सांगायची काय गरज होती? चौकशी चालू असताना असं बोलू नये. आता झालं ते झालं, पुढे कुणापाशी काही काढू नकोस.

इकडे दोनदा जबाब झाले. टॉवरच्या टेपमध्ये गरिमाने रेडिओवर “राइट” असंच म्हटलेलं ऐकू येतं. म्हणजे तिने ऐकलं बरोबर, मला सांगताना चुकली. ती म्हणते, कॅप्टनसाहेबांनाही मी उजवीकडेच सांगितलं. आमचं कॉकपिटमधलं बोलणं टिपून ठेवणारं एक यंत्र असतं, पण आमच्या विमानातलं ते फक्त शेवटचे दोन तास ठेवतं. ते वेळीच बंद करणं माझं काम होतं, गडबडीत राहिलं. चाक मातीतून काढेपर्यंत वीज चालू होती आणि आमचं बोलणं पुसलं गेलं. आता तिचा शब्द आणि माझा शब्द. माझे चौदा हजार तास उडून झालेत, तिचे जेमतेम चारशे. चौकशीवाल्यांचा कल कुणीकडे आहे ते त्यांच्या बोलण्यावरून कळतं. तिला बहुतेक काढून टाकतील.

तुला म्हणून एक सांगतो, जे मी जबाबात लिहिलं नाही. विमान जमिनीवर चालत असताना आम्ही इंग्रजीत आणि कामापुरतंच बोलायचं असतं. पण एवढ्या धुक्यातून नीट उतरलो, मन हलकं झालं होतं. आधी वाटेत गावाची ओळख निघालेलीच होती. उतरल्यावर मीच विषय काढला, ग्वाल्हेरच्या बाड्यावरच्या कचोरीचा, आणि दोघं आपल्या गावच्या हिंदीत बोलायला लागलो. तेवढ्यात कंपनीचा रेडिओ वाजला, तो मी घेतला, आणि तो ठेवतो तर वळण समोर. मी विचारलं, “किधर?” ती म्हणाली, “डावे, सर.” मी म्हटलं, “डावे, ठीक,” आणि वळवलं. ती “सर, सर!” करून ओरडली तेव्हा विमान निम्मं वळलेलं होतं.

तिचा तो शब्द अजून माझ्या कानात जसाच्या तसा आहे. गळ्याची शपथ घालून विचारलंस तरी हेच सांगेन.

अंबरीश


ग्वाल्हेर, १ फेब्रुवारी

चि. अंबरीश,

हे पत्र तीनदा लिहायला घेतलं आणि तीनदा ठेवून दिलं. आज पुरं करते.

तुला ठाऊक आहे, मी चौतीस वर्षं मुलींना हिंदी शिकवली. घरात मराठी आणि शाळेत हिंदी, असा माझा जन्म गेला. वहीतली चूक मला शोधावी लागत नाही, ती आपणहून डोळ्यांत जाते. तुझ्या पत्रातली तशीच गेली. तू लिहितोस, गरिमा म्हणाली, “डावे, सर.” मी शांताताईंना विचारून खात्री करून घेतली. दौलतसिंह मूळचे भिंडकडचे, घरात मराठीचा एक शब्द कुणाला येत नाही. मग ती पोरगी “डावे” म्हणेल कशी?

हिंदीत डावीकडे म्हणजे “बाएँ”. तिने “बाएँ” म्हटलं असतं तर तुझ्या कानात “बाएँ” राहिलं असतं. तुझ्या कानात राहिलंय “डावे”. त्याच्या जवळ जाणारा हिंदीत एकच शब्द आहे, बाळा. “दाएँ”. आणि दाएँ म्हणजे उजवीकडे. ती बरोबर बोलली. तिचा हिंदी शब्द तुझ्या मराठी कानात शिरला. आणि तुझं “डावे, ठीक” तिच्या हिंदी कानात “दाएँ, ठीक” असंच गेलं असणार, म्हणून तिने तुला अडवलं नाही.

तू म्हणशील, मी काय कुक्कुलं बाळ आहे? नाहीस. शांतपणे विचारलं तर तू दाएँ-बाएँचा अर्थ झोपेतही सांगशील. पण गावच्या बोलण्यात रमला होतास, वळण अंगावर आलं होतं. आणि हे पहिल्यांदा झालेलं नाही. खरं म्हणजे त्याचमुळे माझ्याच्याने पत्र लिहवत नव्हतं.

तू चौथीत होतास. वहिनी गेलेली, दादा फिरतीच्या नोकरीवर, तू माझ्यापाशी. सव्वीस जानेवारीच्या कवायतीची तालीम चालली होती. विक्रमसिंह सर “दाएँ मुड़!” म्हणाले की सगळी रांग उजवीकडे आणि तू एकटा डावीकडे. दोनदा शेजारच्या मुलावर आपटलास. सरांनी तुला रांगेबाहेर काढलं. घरी येऊन तू हुंदके देत सांगितलंस, “सर डावे म्हणाले, मी डावीकडेच वळलो, मग मला का काढलं?” मी तशीच पदर खोचून शाळेत गेले.

मैदानावर सरांनी पुन्हा हुकूम दिला, “दाएँ मुड़!” आणि मला तिथल्या तिथे उमगलं. पोराने घरचा शब्द ऐकला होता. हसून सरांना सांगायचं आणि तुला दोन दिवस घोकून घ्यायचं, एवढंच काम होतं. पण मी तावातावाने गेले होते आणि सगळे मास्तर बघत होते. हिंदीच्या बाईंच्या घरच्या मुलाला दाएँ-बाएँ कळत नाही, हे मी तोंडाने कसं कबूल करू? मी म्हटलं, “आपका उच्चारण ही साफ़ नहीं है.” भला माणूस होता. त्यांनी सगळ्या मुलांसमोर तुझी माफी मागितली. घरी येताना तू विचारलंस, “सर चुकले होते ना?” मी म्हटलं, “हो, सर चुकले होते.”

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे मी पस्तीस वर्षांपूर्वी केलं आणि परवा तिळगुळाच्या दिवशी पुन्हा केलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. शांताताई सांगत होत्या, मुलगी घरी आली आहे. बाहेर पडत नाही. मोहल्ल्यातल्या बायका तिच्या आईला विचारतात, “लड़की को दाएँ-बाएँ सिखाया कि नहीं?” माझंच वाक्य फिरत फिरत तिच्या दारात गेलं.

विक्रमसिंह सर आता नाहीत, त्यांची माफी राहून गेली. ही मुलगी आहे. निकाल लागायच्या आत खरं सांग.

पद्माआत्या


दिल्ली, ८ फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र मी स्मृतीला दाखवलं नाही. वाचून फाडून टाकलं. माझं आधीचं पत्र तूही फाड.

तू शाळेतली बाई, तुला शब्दांचा कीस काढायला आवडतो. मला लेफ्ट-राइट कळतं, वीस वर्षं त्याच्यावर घर चाललंय. समज, तू म्हणतेस तसंच झालं असेल. मग? मी जे ऐकलं तेच लिहून दिलं, खोटं एक अक्षर नाही. हिंदीत बोलायला मनाई तिलाही होतीच. आणि ती चोवीस वर्षांची आहे. हे नाही तर दुसरं काही करील. मी चव्वेचाळिसाव्या वर्षी काय करू? कॅप्टन फणसेंना डावं-उजवं कळत नाही, हे ऐकल्यावर माझ्या मागे बसायला कोण तयार होईल?

या महिन्याअखेर निकाल आहे. तोपर्यंत कृपा करून गप्प राहा. हे फक्त तुला आणि मला ठाऊक आहे.

आणि एक सांगतो, रागावू नकोस. त्या मैदानावर मला बरोबर ठरवलंस ते तूच. मी विचारलं होतं, तू “हो” म्हणालीस. आता पस्तीस वर्षांनी मला चूक ठरवायला येतेस, त्याचा मला त्रास होतो.

अंबरीश


ग्वाल्हेर, १९ फेब्रुवारी

चि. अंबरीश,

तुझा राग मला मान्य आहे. तो माझ्या हिश्श्याचाच आहे. वाईट एवढंच वाटलं, की हे सगळं कळूनही तू “समज” असं लिहिलंस.

काल थाटीपूरला जाऊन आले. ई-रिक्षाने हाडं खिळखिळी झाली. शांताताईंना बरोबर घेतलं नाही, एकटीच गेले. दौलतसिंहांनी खुर्ची पुसून दिली. मी कोण ते सांगितल्यावर त्यांचा हात फडक्यावरच थांबला. मी म्हटलं, तुमच्या मुलीबद्दल चार बायकांत मी वाटेल ते बोलले, मला काही माहीत नसताना बोलले, त्याची माफी मागायला आले आहे. तुझ्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. ते म्हणाले, “बहनजी, आप बड़ी हैं, हाथ मत जोड़िए.” मग म्हणाले, “बिटिया कहती है मैंने सही बोला था. पर कप्तान साहब का कहा तो ऊपर रहेगा ना.” त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. मला तो असता तर बरं वाटलं असतं.

गरिमा चहा घेऊन आली. बारीक आहे, केस मागे घट्ट बांधलेले, ओठ कोरडे पडलेले. मला ऐकू कमी येतं म्हणून ती माझ्या अगदी जवळ येऊन बसली आणि एक एक शब्द सुटा करून बोलली. किती स्पष्ट बोलते ती पोरगी! मला, बहिरीला, तिचा प्रत्येक शब्द ऐकू आला. म्हणाली, “आंटी, मैंने दाएँ ही कहा था. पहले एकदम पक्का था.” बोलताना तिने उजवा हात जरासा उचलून बघितला. “अब रोज़ सोच-सोच के लगता है, शायद मुँह से बाएँ निकल गया हो. फणसे सर झूठ क्यों बोलेंगे? उन्होंने तो मुझे पूरे रास्ते इतना अच्छा सिखाया.”

अंबरीश, तिने चूक कबूल करणारा कागद लिहून ठेवला आहे. मला दाखवला. इंग्रजीत आहे, खाली सही आहे, येत्या सोमवारी पाठवणार आहे. वडील म्हणाले, मान लेने से मन हल्का हो जाएगा. जी चूक तिने केली नाही ती ती स्वतःहून आपली म्हणून सांगणार आहे, आणि मग जन्मभर तिला आपल्याच तोंडाचा भरवसा राहणार नाही. नोकरी जाईल ते वेगळंच.

मला तिथेच सांगता आलं असतं. अगदी ओठांवर आलं होतं. पण मी बोलले असते तर पुन्हा तेच झालं असतं, तू मागे उभा आणि तुझ्या वतीने आत्या बोलतेय. तुझी पत्रं मी फाडलेली नाहीत, आणि कुणाला दाखवणारही नाही. ते तुझं तू बघ. तू गप्प राहिलास तर मी तुला टाकणार नाही, एवढी जात्याच कठोर नाही मी. पण त्या घरावरून मला पुन्हा जाता यायचं नाही.

तू विचारलंस ना मैदानावरून येताना? त्याचं उत्तर आज देते. सर चुकले नव्हते. तू चुकला होतास, आणि त्यात काही वाईट नव्हतं. वाईट मी केलं.

पद्माआत्या


दिल्ली, ३ मार्च

ती. आत्या,

तुझं पत्र बावीस तारखेला, शनिवारी दुपारी मिळालं. दारातच उभ्या उभ्या वाचलं. स्मृतीला दिलं. तिने वाचून परत दिलं आणि म्हणाली, “मग? आता बसून लिहा.” मी बसून लिहिलं. तासाभरात चौकशीवाल्यांना पाठवलं.

गुरुवारी त्यांनी बोलावलं. तिघं होते. एक चेन्नईचे, एक कोलकात्याचे, तिसरे इथले. पहिल्यांदा त्यांच्या काही लक्षात येईना. मी कागदावर दोन्ही शब्द लिहिले, एकाखाली एक, आणि मोठ्याने वाचून दाखवले. इथल्या साहेबांनी दोनदा वाचायला लावले. मग चेन्नईचे म्हणाले, “कॅप्टन, हे तुम्ही सांगितलं नसतंत तर कुणालाही कळलं नसतं.” मी म्हटलं, हो. कचोरीचंही सांगितलं, आणि ते यंत्र बंद करायचं राहिलं तेही.

माझी कॅप्टनकी काढून घेतली. वर्षभर सहवैमानिक म्हणून बसायचं आणि पुन्हा सगळ्या परीक्षा द्यायच्या. इन्स्ट्रक्टरचं अर्थात संपलं. कंपनीतल्या मुलांना आता मला “दाएँ सर” म्हणायला फार मजा येते. माझ्यासमोर नाही म्हणत, पण कळतं. वाईट वाटतं. पण जेवण जातं, हे तुला कळावं म्हणून लिहितो. गरिमाला जमिनीवर गप्पा मारल्याबद्दल एक ताकीद मिळाली आणि येत्या सोमवारपासून ती पुन्हा उडणार आहे.

माझ्या आधीच्या पत्रात मी तुला जे बोललो ते परत घेतो. त्या मैदानावर तू चुकलीस हे खरं. पण नंतर पस्तीस वर्षं मला कुणी विचारलं नाही, आणि मीही स्वतःला विचारलं नाही. ते सगळं तुझ्या एकटीच्या माथी नको.

त्या शनिवारचं एक राहिलं, ते लिहायला मला अवघड जातंय. चौकशीवाल्यांना कागद पाठवल्यावर, तिने तिचा पाठवायच्या आत, मी गरिमाला फोन केला. तिने उचलला, “जी सर,” म्हणाली. मी मनात घोळवलेलं सगळं विसरलो. म्हटलं, “गरिमा, तुमने दाएँ ही कहा था. ग़लत मैंने सुना. मैंने लिखकर दे दिया है.”

ती एकदम घाईने म्हणाली, “सर, एक मिनट, रखिए मत. पापा आँगन में हैं, बुलाती हूँ. आप उनके सामने एक बार और बोलिए.”

तिने हाका मारल्या, चपला वाजल्या, कुणीतरी दार ओढलं. फोन स्पीकरवर लावल्याचं कळलं. दौलतसिंह म्हणाले, “जी साहब, बोलिए.”

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

अंबरीश